आधी फणी, मग पाणी: कुत्र्या-मांजरांच्या केसांची घरच्या घरी देखभाल

नवं पिल्लू घरी आलं की पहिली हौस अंघोळीची. दर रविवारी अंगणात नळाखाली धरायचं, घरातलाच साबण चोळायचा, टॉवेल फिरवून सोडून द्यायचं. महिना-दीड महिन्यात ते खाजवायला लागतं. मग साबण बदलतो, अंघोळी वाढतात आणि खाजही वाढते. "खाजवायलंय की ओ सारखं," असं म्हणत औषधाच्या दुकानात येणाऱ्या अनेकांचा घोळ इथंच झालेला असतो. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी, साधारण 5.5 पीएचची. कुत्र्याची 7 च्या आसपास, आणि आपल्यापेक्षा पातळ. आपल्या साबणानं तिच्यावरचं तेल निघून जातं, कातडी कोरडी पडते, कोंडा सुटतो. लहान मुलांचा शांपूही याला अपवाद नाही.

केसांची निगा म्हणजे मुख्यतः फणी आणि कोरडेपणा. अंघोळ त्यानंतर येते. आपल्या भागात तर हे जास्तच खरं. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, मृगापासून गणपती होईपर्यंत हवा ओली. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे तर भिंतींनाही बुरशी येते. ओल्या हवेत दाट केसांचं कुत्रं आतून दोन-दोन दिवस वाळत नाही, आणि त्वचेचे बहुतेक त्रास त्या न वाळलेल्या केसांच्या बुडाशी सुरू होतात. अथणी-रायबागकडच्या कोरड्या पट्ट्यात ओल कमी, पण धूळ आणि गोचीड जास्त. त्यामुळं एकच वेळापत्रक सगळीकडे चालत नाही.

आधी केस ओळखा

पाठीवरचे केस बोटांनी उलटे फिरवून पाहा. वर राठ केस आणि खाली कापसासारखी मऊ लोकर दिसली तर कोट, म्हणजे अंगावरचं केसांचं आवरण, दुहेरी. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, आणि ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो तो स्पिट्झ, हे सगळे दुहेरी कोटाचे. लॅबचे केस आखूड दिसतात म्हणून अनेकजण त्याला फणी लावतच नाहीत, आणि मग सोफ्यावर, चटणीत, डब्यात केस सापडतात. शिह त्झू, ल्हासा यांचे केस वाढत राहतात, त्यामुळं गुंता हाच त्यांचा कायमचा प्रश्न.

मुधोळ कुत्र्याचा, म्हणजे कारवानीचा, वेगळा विचार करावा लागतो. मुधोळ इथून फार लांब नाही, बागलकोट जिल्ह्यात. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, 2005 साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. सीमाभागात आता ती शेतावरून फ्लॅटमध्ये आली आहे. अंगावर चरबी नाही, केस आखूड, कातडी कागदासारखी पातळ. धातूचा दातेरी ब्रश तिच्यावर चालवला तर ओरखडे उठतात. रबरी हातमोजा आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं फिरवला आणि नंतर ओलसर सुती फडक्यानं पुसलं की काम झालं. दोन-अडीच महिन्यांतून एकदा अंघोळ पुरते. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तिला अंगावर काहीतरी घालावं लागतं, हे लाड नव्हेत.

गावठी कुत्र्याचं सर्वात सोपं. आखूड, घट्ट केस, आठवड्यातून एकदा रबरी ब्रश, दोन महिन्यांतून एकदा अंघोळ.

काय काय लागतं

सुरुवातीला पाच वस्तू पुरतात: केसांच्या जातीप्रमाणे एक ब्रश, दोन अंतराच्या दातांची स्टीलची फणी, उवा-लिखांची बारीक फणी, नखांचा कटर आणि दोन जुने सुती टॉवेल. ब्रशात फरक असा की आखूड केसांना रबरी ब्रश, दुहेरी कोटाला आणि लांब केसांना स्लिकर, म्हणजे चौकोनी गादीवर वाकड्या बारीक तारा असतात तो. स्लिकर घेताना स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तुम्हाला टोचला तर त्यालाही टोचणार. केस उपटून काढणारी धारदार पट्टीची साधनं नवख्यानं घेऊ नयेत. ती वरचे चांगले केसही कापतात आणि महिनाभरात कोट निस्तेज दिसायला लागतो.

फणी कशी फिरवायची

लांब केसांच्या कुत्र्याची फणी बहुतेकजण वरवर फिरवतात. वरून केस रेशमासारखे दिसतात, आणि बोटं आत घातली की कातडीला चिकटून नमद्यासारखा थर लागतो. हे टाळायला पट्ट्या पाडायच्या. कुत्र्याला कुशीवर झोपवा. डाव्या हातानं केस वर दाबून धरा म्हणजे खाली कातडीची एक रेघ उघडी पडेल. त्या रेघेच्या खालचे केस स्लिकरनं, मनगट सैल ठेवून, मुळापासून टोकाकडे विंचरा. झालं की बोटभर वर सरका, नवी रेघ पाडा. पायापासून सुरू करून पाठीपर्यंत असं चढत जायचं. शेवटी स्टीलची फणी मुळापासून घाला. ती कुठं अडली तर तिथं गुंता राहिला आहे. फणी अडली नाही तरच काम झालं समजा.

गुंता ठरलेल्या जागी होतो: कानामागं, काखेत, जांघेत, गळ्यातल्या पट्ट्याखाली आणि मागच्या मांड्यांच्या झुपक्यात. छोट्या गुंत्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा, बोटांनी दोन-तीन भाग करा, मग मुळाशी केस चिमटीत घट्ट धरून टोकाकडून फणी चालवा. मुळाशी धरल्यामुळं ताण तुमच्या बोटांवर येतो, कातडीवर येत नाही. कात्री मात्र गुंत्यात घालू नका. गुंत्यानं कातडी वर ओढलेली असते, आणि केस समजून कातडीच कापली जाते. मांजराच्या बाबतीत हे हमखास होतं. गुंता कातडीला चिकटलाच असेल तर तो केस कापायच्या मशीननंच काढायचा, आणि ते काम डॉक्टरांकडे किंवा जाणत्या ग्रूमरकडे, म्हणजे जनावरांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे, द्यायचं.

किती वेळा? शिह त्झू, ल्हासा, पर्शियन मांजर यांना रोज दहा मिनिटं. स्पिट्झ, शेफर्ड यांना आठवड्यातून तीनदा. लॅबला दोनदा. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाऊस ओसरल्यावर लोकर सुटते, तेव्हा पंधरा दिवस रोज. केसगळतीचे दिवस आहेत म्हणून घाबरायचं कारण नाही. पण टक्कल पडलेला गोल, लाल किंवा खपली धरलेला डाग दिसला तर ती गळती नव्हे.

आणि उन्हाळ्यात गोटा करू नका. एप्रिलमध्ये स्पिट्झला, शेफर्डला 'गरम होतंय' म्हणून मशीन लावून आणतात. त्याची ती आतली लोकर विंचरून मोकळी केली तर हवा खेळते, आणि वरचे केस उन्हापासून वाचवतात. गोटा केलेलं कुत्रं उलट भाजतं. शिवाय अशा काही कुत्र्यांचे केस नंतर महिनोन् महिने नीट येत नाहीत, किंवा ठिगळ लावल्यासारखे येतात. पोट, गुदद्वाराभोवतीचे आणि पंजांच्या गाद्यांमधले केस आखूड करायला हरकत नाही.

अंघोळ

आखूड केसांना सहा ते आठ आठवड्यांनी, लांब केसांना तीन-चार आठवड्यांनी. यापेक्षा जास्त लागत असेल तर वासाचं कारण कान, दात किंवा त्वचेचा आजार असू शकतं, आणि शांपू त्याला झाकून टाकतो.

पावसाळ्यात अंघोळ सकाळी दहा-अकराला घाला, संध्याकाळी कधीच नको. रात्रभर ओलं राहिलेलं कुत्रं आणि त्यातच गेलेली लाइट, हे आपल्याकडे जुलैत ठरलेलं.

1. आधी पूर्ण विंचरून घ्या. पाणी लागलं की गुंता आवळतो आणि वाळल्यावर दगड होतो. सगळ्यात जास्त चुकणारी पायरी हीच.

2. पाणी कोमट, तुमच्या कोपराला ना गार ना गरम लागेल एवढं. पायाखाली जुनं गोणपाट किंवा रबरी मॅट टाका. घसरायला लागलं की भलं शांत कुत्रंही बिथरतं.

3. कुत्र्यांचा शांपू थेट अंगावर ओतू नका. एका जुन्या बाटलीत एक भाग शांपू, आठ-दहा भाग पाणी असं हलवून घ्या. पंचवीस-तीस किलोच्या लॅबला 30 मिली शांपू आणि 300 मिली पाणी पुरतं. पातळ केलेला शांपू मुळापर्यंत जातो आणि निघूनही येतो.

4. मानेपासून सुरू करा, मागं जा, डोकं शेवटी. डोक्यावर पाणी पडलं की ते अंग झाडतं. चेहरा ओल्या फडक्यानंच पुसा. डॉक्टरांनी औषधी शांपू दिला असेल तर फेस घड्याळ लावून दहा मिनिटं अंगावर ठेवा, नाहीतर पैसे वाहून गेले.

5. धुवायला लावण्याच्या दुप्पट वेळ द्या. काखेत, पोटाखाली, शेपटीच्या बुडाशी शांपू राहतो. बोअरच्या जड पाण्यात तर हमखास. बोटांना बुळबुळ लागायची पूर्ण थांबली पाहिजे.

6. टॉवेल घासू नका, दाबून पाणी टिपा. मग हेअर ड्रायर कमी गरमीवर, हातभर अंतरावरून, सतत हलता ठेवून, दुसऱ्या हातानं विंचरत. वाळलं का हे वरून कळत नाही. बोटं लोकरीच्या मुळाशी घाला, गार लागलं तर अजून ओल आहे.

ओल राहिली की काय होतं ते एकदा समजून घ्या. मुळाशी दमट, उबदार जागा मिळते, जंतू वाढतात, खाज सुटते, कुत्रं चाटतं, चाटून आणखी ओलं करतं. सकाळी दिसलेला रुपयाएवढा लाल डाग रात्रीपर्यंत तळहाताएवढा, पाणी सुटलेला होतो. गालाखाली, मांडीवर, शेपटीच्या बुडाशी असे डाग जास्त. अशा वेळी हळद-तेल थापू नका, त्यानं ओल आत कोंडते. भोवतालचे केस आखूड करायचे, जागा उघडी ठेवायची, चाटू नये म्हणून गळ्यात कोन घालायचा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

फिरून आल्यावरचे पाय हा पावसाळ्यातला रोजचा विषय. बादलीत साध्या पाण्यात चारी पाय बुडवायचे आणि बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करायच्या. नुसतं धुऊन सोडलं तर न धुतलेलं बरं. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजाचे केस गंजल्यासारखे तांबूस झाले असतील तर तो लाल मातीचा डाग आहे असं मानून सोडू नका. ते सतत चाटत असल्याची ती खूण असू शकते.

कुसळं

पाऊस संपला की माळावरचं गवत वाळतं आणि कुसळं सुटतात. ऑक्टोबर ते डिसेंबर माळरानावर फिरवून आणलं की दारातच तपासणी: पायाच्या बेचक्या, काखा, कान, पापण्या. कुसळाला एका दिशेनं काटे असतात, त्यामुळं ते पुढंच सरकतं, मागं येत नाही. बेचकीत शिरलेलं कुसळ कातडीखाली जाऊन आठवड्यानं गाठ होऊन पिकतं. एकाएकी डोकं एका बाजूला झटकायला लागलं तर कानात कुसळ असू शकतं. ते घरी चिमट्यानं शोधत बसू नका.

गोचीड आणि पिसवा

कन्नड बोलणाऱ्या दुकानदाराकडे गोचिडाला 'उण्णी' म्हणा, लगेच कळेल. कुत्र्यावरची तपकिरी गोचीड घरात राहणारी आहे. रक्त पिऊन टपोरी, राखाडी, एरंडीच्या बीसारखी झालेली मादी खाली पडते आणि भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागं, कौलाखाली हजारोंनी अंडी घालते. म्हणून नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. झोपायचं गोणपाट आठवड्याला उकळत्या पाण्यात टाका, नाहीतर जाळा. दगडी भिंतीच्या फटी चुन्यानं किंवा सिमेंटनं बुजवा.

कानाच्या आत, बोटांच्या बेचकीत, पट्ट्याखाली आणि काखेत रोज हात फिरवा. सापडली तर टोकदार चिमट्यानं, कातडीला अगदी लागून तोंडाजवळ पकडा आणि सरळ, सावकाश ओढा. पिळू नका. रॉकेल, काडेपेटी, चुना काही नको. नखावर चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका आणि हात धुवा. गोचिडांमुळं होणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. ही लक्षणं दिसली तर उद्यावर टाकू नका.

पिसवा आहेत की नुसती धूळ हे ओळखायची युक्ती सोपी. बारीक फणी शेपटीच्या बुडाशी चालवा, आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या फडक्यावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. पिसू गिळली गेली की पोटात पट्टकृमी होतात, आणि शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसतात. म्हणजे तेव्हा जंताचं औषधही लागणार.

गोचीड-पिसवांची औषधं जनावराच्या वजनाप्रमाणे मिळतात. मानेवर टाकायचे थेंब असतील तर केस बाजूला सारून थेट कातडीवर टाका, आणि आधी व नंतर दोन-दोन दिवस अंघोळ नको. चघळायच्या गोळ्या काही महिनाभर, काही बारा आठवडे चालतात. फिटचा इतिहास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता जे करायचं नाही ते. गाई-म्हशींच्या गोचिडाचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्यावर मारू नका. लुतीवर गाडीचं काळं ऑइल चोळू नका. कुत्रं ते चाटतं आणि विषबाधा होते. तंबाखूचं पाणी, हा निपाणी पट्ट्यात सहज सुचणारा उपाय, तोही नको. निकोटीन कातडीतूनही शरीरात जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कुत्र्याचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्यांच्या बऱ्याच थेंबांत आणि फवाऱ्यांत पर्मेथ्रिन असतं. मांजराचं यकृत ते निकामी करू शकत नाही. थरथर आणि झटके काही तासांतही सुरू होतात, आणि मृत्यू येऊ शकतो. फिनेलनं पुसलेली ओली फरशी, निलगिरी तेल, कापूर, टी ट्री तेल हेही मांजरापासून लांब ठेवा. पंजाला लागलेलं ते चाटून पोटात घेतंच.

मांजर

मांजर स्वतःच दिवसाचा बराच वेळ अंग चाटतं, त्यामुळं साध्या घरगुती मांजराला अंघोळ लागत नाही. अंगाला तेल, रंग, ग्रीस लागलं तरच. आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश फिरवला की पोटात जाणारे केस कमी होतात आणि ओकून काढलेल्या गुंडाळ्याही. पर्शियनचं वेगळं, रोज विंचरणं आणि महिन्याला अंघोळ बहुतेकांना लागते.

वेळ निवडा जेवण झाल्यानंतरची, मांजर सुस्तावलेलं असताना. आधी गालाला, हनुवटीला खाजवा, मग पाठ, आणि पोट सगळ्यात शेवटी किंवा दुसऱ्या दिवशी. शेपटी आपटायला लागली, कान मागं गेले की थांबा. तीन मिनिटांची फणी रोज चालते, पंधरा मिनिटांची एकदाच चालते. नंतर ते ब्रश बघूनच कपाटावर चढतं.

म्हाताऱ्या किंवा लठ्ठ मांजराच्या पाठीच्या खालच्या भागाचे केस तेलकट, चिकटून उभे दिसले तर त्याला तिथवर जीभ पोहोचत नाही असं समजा. सांधेदुखी असू शकते.

नखं, कान, दात

फरशीवर चालताना टकटक ऐकू आली की नखं वाढली. डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्याची झिजतात, फ्लॅटमधल्याची नाही. पांढऱ्या नखात गुलाबी नस दिसते, तिच्या दोन मिलिमीटर आधी थांबा. काळ्या नखाचा थोडा-थोडा तुकडा घ्या, कापलेल्या तोंडाच्या मध्ये गडद ठिपका दिसला की पुढं जाऊ नका. नस कापलीच तर कॉर्नफ्लॉवर किंवा तुरटीची पूड दाबून दोन मिनिटं धरा. आतल्या बाजूचं अंगठ्याचं नख जमिनीला लागत नाही, ते वळून कातडीत घुसतं. ते विसरू नका. मांजराची गादी हलकेच दाबली की नख बाहेर येतं, फक्त पारदर्शक टोक उडवायचं.

कान आठवड्याला बघा. कापसावर कानाचं लोशन घेऊन बोट जाईल तेवढंच पुसा. इअर बड नको. कानाची नळी आत वळते आणि मळ आत ढकलला जातो. कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ असेल तर कानातल्या किडी, आंबट वास असेल तर बुरशी. लॅब आणि कॉकर स्पॅनियलच्या लोंबत्या कानांना पावसाळ्यात हे नेहमीचंच. दात कुत्र्याच्या पेस्टनं आठवड्यातून तीनदा. आपली पेस्ट ते थुंकू शकत नाहीत.

ग्रूमरकडे देताना

आधी लसीचं कार्ड बघायला मागतो तो ग्रूमर बरा. 'पूर्ण कापा' असं मोघम सांगू नका, किती लांबी ठेवायची ते बोटानं दाखवा. ड्रायरच्या पेटीत बंद करून ठेवणार का हे विचारा. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्यांना ती पेटी जिवावर बेतू शकते. झोपेचं औषध देऊन केस कापायचं म्हणत असतील तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

घरी आल्यावर दोन दिवस कातडी बघा. गजकर्ण एका फणीवरून दुसऱ्या जनावराला आणि तिथून घरातल्या मुलांच्या हाताला लागतं. गोल टक्कल दिसलं तर त्या जनावराची फणी वेगळी करा, अंथरूण गरम पाण्यात धुवा आणि डॉक्टरांकडून अतिनील लॅम्पखाली किंवा केसाच्या नमुन्यावरून तपासून घ्या. एरवीही दर आठवड्याला ब्रशमधले केस काढून तो साबणाच्या पाण्यात धुवायचा, झटकायचा आणि दात खाली करून वाळवायचा. पाणी गादीत मुरलं की तारा महिन्याभरात गंजतात.